लाल किल्ल्यातील बराकी

दिल्लीचा लाल किल्ला म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो दिवाण-ई-खास आणि पंधरा ऑगस्टचा ध्वज. त्याच आवारातील उंच, रुक्ष बराकींकडे मात्र पाहुण्यांचे लक्ष सहसा जात नाही. वास्तविक त्यांचा इतिहास भगिनींनी आवर्जून जाणून घ्यावा असा आहे.

शहाजहानने १६३९ ते १६४८ या काळात हा किल्ला बांधविला. त्याच्या वैभवाला धक्के बसत गेले. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चापायी दिवाण-ई-खासचे चांदीचे छत काढविले, हेही आपण लपवू नये. परंतु १८५७ नंतर जे घडले ते निराळेच. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी बहादूरशहावर त्याच्याच महालात खटला चालविला आणि पुढे जनानखान्याचा मोठा भाग, बागा व ओवऱ्या पाडून गोऱ्या शिपायांसाठी बराकी उभारल्या. राजस्त्रियांच्या अंगणात कवायतीचे बूट वाजू लागले.

दैवगती अशी, की याच बराकींपैकी एकीत नोव्हेंबर १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेचे शहानवाझ खान, प्रेमकुमार सहगल व गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला. भुलाभाई देसाई यांनी त्यांची बाजू मांडली. जन्मठेप झाली, पण देशभर खवळलेल्या लोकमतापुढे सरकारला जानेवारी १९४६ मध्ये ती माफ करावी लागली. दरारा बसविण्यासाठी बांधलेल्या वास्तूतच तो दरारा संपला!

स्वातंत्र्यानंतरही किल्ल्यात लष्कर होतेच. डिसेंबर २००३ मध्ये ते बाहेर पडले व जागा पुरातत्त्व खात्याकडे आली. २३ जानेवारी २०१९ रोजी चार बराकींत संग्रहालये उघडली: एक १८५७ चे, एक जालियनवाला बागेचे, एक नेताजी व आझाद हिंद सेनेचे, आणि चौथे 'दृश्यकला', जेथे राजा रविवर्मा, अमृता शेरगिल यांची चित्रे मांडली गेली.

महाल पाडून बांधलेल्या या इमारती ठेवाव्यात तरी कशाला, असे कोणी विचारील. परंतु त्या पाडल्याने गेलेले महाल परत येणार नाहीत. उलट त्या खटल्याची साक्ष मात्र नाहीशी होईल. जनानखान्यातील कित्येक स्त्रियांची नावेही आज उरली नाहीत. पण आझाद हिंद सेनेत १९४३ साली स्त्रियांची जी पलटण उभी राहिली, तिला नाव होते झाशीच्या राणीचे, आपल्या तांब्यांच्या लेकीचे.