सई

दोन अक्षरी, आधुनिक वाटणारं हे नाव चांगलं दोन हजार वर्षांचा घसरा सोसून आलेलं आहे. मूळ संस्कृत 'सखी'. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ख, घ, ध, भ या महाप्राण व्यंजनांचा प्राकृतात बहुधा 'ह' होई. 'दधि'चं 'दही' झालं ते असंच. तशीच 'सखी' झाली 'सही'. सातवाहन राजा हाल याच्या नावावरच्या 'गाथासप्तशती'त नायिका मनातलं सगळं सांगते ते या 'सही'ला. सासू, नणंद, नवरा यांना जे कळू द्यायचं नाही, ते ऐकणारी ती. पुढे तो 'ह'ही विरला आणि उरली सई. तिला हाक मारायची तर 'सये', आणि घोळका असला तर 'सयांनो'. जात्यावरच्या ओव्यांत ही संबोधनं भरपूर भेटतात. (कागदावर करतो ती 'सही' अरबीतून आली, तिचा मैत्रीशी संबंध नाही, उलट बऱ्याचदा ती मैत्री तोडते.)

एक पेच मात्र आहे. प्राकृतात 'सती'तला 'त' गळून तिचंही 'सई'च होतं. मग नाव नेमकं कोणाचं? माझा कौल सखीला, कारण मराठी बायकांच्या तोंडी 'सये' ही हाक मैत्रिणीसाठीच राहिली.

नाव जुनंच. फलटणच्या निंबाळकरांची लेक सईबाई शिवरायांची पहिली पत्नी आणि संभाजीराजांची आई; १६५९मध्ये राजगडावर त्या वारल्या. आपल्या काळात ते सई परांजपे यांनी पडद्यावर झळकवलं, तेही 'बाई' न जोडता.