हिमस्खलन : इशारा आणि हुकूम

मराठवाड्यात बर्फ पडत नाही. दुष्काळाला, गारपिटीला, पुराला आपल्या बोलीत शब्द आहेत. डोंगरावरून कोसळणाऱ्या बर्फाला मात्र ‘हिमस्खलन’ हा शब्द पुस्तकातूनच घ्यावा लागतो. मग नांदेड-लातूरच्या श्रोत्यांपुढे हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर नांदेडच्याच इतिहासात आहे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली येथे गोदाकाठी देह ठेवला. ‘बचित्तर नाटका’त सात शिखरांमधल्या ज्या हेमकुंडाचा उल्लेख आहे, ते स्थान गढवालात निश्चित होऊन १९३० च्या दशकात तेथे लहानसा गुरुद्वारा उभा राहिला. सचखंडाला माथा टेकणारे कित्येक यात्रेकरू पुढे हेमकुंडाची वाट धरतात. ती वाट चार हजार मीटरांच्या वर जाते आणि दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी जवानांनी बर्फ कापल्यावरच मोकळी होते.

बर्फ कोसळतो कसा, हे लातूरच्या आडतीतल्या हमालाला चटकन उमगेल. जमिनीवर सैल दाणे पसरलेले असले, तर त्यावर लावलेली पोत्यांची थप्पी नीट उभी दिसते. पण वर एक पोते जास्त पडले की सारी घसरते. डोंगरावर बर्फाचे थर असेच एकावर एक बसतात. मधला एखादा थर भुसभुशीत राहतो. त्यावर नवा बर्फ पडला, वाऱ्याने आणखी लोटून आणला, किंवा उन्हाने वरचा थर ओला व जड झाला, की एका माणसाच्या पावलानेही सारा उतार सुटतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार सर्वांत घातक. मोठ्या हिमवर्षावानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत वाईट.

म्हणजे जागा ठाऊक असते आणि वेळही पुष्कळशी ठाऊक असते. तरी माणसे मरतात. ती का मरतात, हे इतिहासाला विचारावे.

पहिल्या महायुद्धात आल्प्समधील मार्मोलादा पर्वतावर ऑस्ट्रियन सैनिकांच्या लाकडी बराकी होत्या. शत्रूच्या तोफांपासून जागा सुरक्षित होती. पण वरच्या उतारावर बर्फ साचत चालला होता. तेथील कॅप्टन श्मिट याने जागा बदलण्याची लेखी विनंती केली. वरिष्ठांनी ती फेटाळली. १३ डिसेंबर १९१६ रोजी पहाटे बर्फ सुटला आणि सुमारे २७० माणसे गेली.

आता आपल्या देशाकडे पाहू. १९६० साली सीमा रस्ते संघटना स्थापन झाली. १९६९ साली मनालीला बर्फाचा व हिमस्खलनाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था निघाली. तिचेच पुढचे रूप असलेल्या संस्थेने २७ फेब्रुवारी २०२५ च्या सायंकाळी, चमोली व इतर डोंगरी जिल्ह्यांतील २,४०० मीटरहून उंच भागासाठी चोवीस तासांचा इशारा दिला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सुमारास बद्रीनाथपलीकडील माणा गावाजवळ रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या मजुरांच्या छावणीवर बर्फ कोसळला. ५४ मजूर सापडले. ४६ वाचले, ८ दगावले. पोलादी कंटेनरांमुळे पुष्कळांचे प्राण वाचले, असे सांगतात.

आम्ही किल्लारीच्या भागातले लोक आहोत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची घटका आधी कोणी सांगू शकत नव्हते. माण्याचा इशारा मात्र आदल्या सायंकाळीच निघाला होता.

बर्फाच्या मुलखातील यात्रेकरूने आणि गिर्यारोहकाने काही नियम पाळावेत. ताजा बर्फ पडल्यावर थांबावे. ऊन चढण्यापूर्वी उतार ओलांडावा. एकेकाने, अंतर ठेवून जावे. सोबत फावडे, लांब सळई आणि अंगावर बिनतारी खूणयंत्र असावे. गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा जगतो. अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी उरते, कारण तो थंडीपेक्षा श्वास कोंडूनच मरतो.

परंतु हे नियम ज्याला थांबता येते त्याच्यासाठी आहेत. यात्रेकरू एक दिवस धर्मशाळेत काढू शकतो. रोजंदारीवरच्या मजुराचा दिवस बुडाला की चूल बुडते. शिवाय त्याची झोपायची जागाही दुसराच ठरवतो. म्हणून आमचे म्हणणे असे की, इशारा निघताच छावणी हलली पाहिजे, काम थांबले पाहिजे आणि त्या दिवसाची मजुरी मजुराच्या हाती पडली पाहिजे. बर्फाचे शास्त्र आता पुष्कळ पुढे गेले आहे. त्याचा इशारा हुकूम होत नाही, तोवर ते मजुराच्या उपयोगी पडणार नाही.