६१७४ : चुकणाऱ्यालाही पोचवणारी वजाबाकी

डहाणूहून किनाऱ्याच्या रस्त्याने बोर्डीकडे निघाले की वाटेत चिखले लागते. शिक्षणाच्या इतिहासात हा परिसर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आरंभलेल्या बालशिक्षणाच्या कार्यामुळे ओळखला जातो. आणखी एका शिक्षकाचे नाव या मातीशी जोडलेले आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूत झाला.

फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले; पुढे १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीच्या शाळेत शिकवले. १९४९ च्या मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करावी. उत्तरावर पुन्हा तेच करावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ हाती येते आणि पुढे तेच येत राहते.

कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. ९५१० मधून ०१५९ गेले, उरले ९३५१. पुढची उत्तरे अशी : ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. नेमक्या सात वजाबाक्या!

अनेक व्यावसायिक गणितज्ञांनी हा अंकांचा पोरखेळ मानला. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून कापरेकरांची ओळख करून दिल्यावर त्यांचे नाव जगभर झाले. परंतु वर्गाच्या दृष्टीने पाहिले तर या ‘पोरखेळा’ची किंमत वेगळी ठरते. सात उदाहरणे घातली तर मूल कंटाळते. इथे ६१७४ कधी येते या उत्सुकतेपोटी ते दशक सुटे करीत, उसने घेत आपणहून सात वजाबाक्या करते.

एक गोम मात्र आहे. समजा, मुलाने पहिल्याच पायरीला चुकून ९३५१ ऐवजी ९४५१ लिहिले. पुढे ८०८२, ८५३२ आणि लगेच ६१७४! चुकलेला मुलगा बिनचूक मुलाच्या आधी पोचला. म्हणजे मुक्कामावरून वाटेची परीक्षा होत नाही. ती करायची तर प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज पाहावी. त्याच अंकांनी बनलेल्या दोन संख्यांतील फरकाला नऊने नि:शेष भाग जातो. ९३५१ ची बेरीज १८. ९४५१ ची १९. चूक तिथेच उघडी पडते, निदान बहुतेक वेळा.

साहित्य शिकवणाऱ्यांना ही गोष्ट अपरिचित नसावी. मार्गदर्शिकेच्या आधाराने सर्वमान्य निष्कर्षाला पोचलेली उत्तरे आपण दरवर्षी तपासतो आणि त्यांना गुणही देतो. चिखल्याच्या एखाद्या वर्गात कुणी ‘सर, आलं!’ म्हणून पाटी उंचावील, तेव्हा शिक्षकाने शाबासकी जरूर द्यावी. मग शेजारी बसून मधल्या ओळी वाचाव्यात.