साताऱ्याचा वेढा आणि शेख मिरा

आमच्या गंजाडपासून तारापूर फार लांब नाही. तिथे 1739 मध्ये मराठे पोर्तुगिजांशी लढले. शत्रू कोण हे उघड होतं. साताऱ्याच्या वेढ्यात तसं नव्हतं.

औरंगजेब 1707 मध्ये वारला आणि शाहू सुटून आले. काकू ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवलं. ऑक्टोबरात खेडला धनाजी जाधव शाहूंना मिळाले, मग वेढा पडला अजिंक्यताऱ्याला. वर ताराबाईंचे परशुरामपंत प्रतिनिधी होते, ते हटेनात. त्यांच्या हाताखालचे अंमलदार शेख मिरा. त्यांची बायकामुलं मात्र खाली वाईत! शाहूंनी ती पकडून आणली, तोफेच्या तोंडी देण्याची धमकी दिली. शेख मिरांनी पंतांनाच कैद करून किल्ला हवाली केला. 12 जानेवारी 1708 रोजी साताऱ्यात शाहूंना राज्याभिषेक झाला.

इंग्लंडात 1152 साली, स्टीफन आणि मटिल्डा या आते-मामे भावंडांच्या यादवीत, न्यूबरीच्या वेढ्यात जॉन मार्शलचा लहानगा विल्यम ओलीस होता. त्याला फासावर चढवू म्हटल्यावर, ऐरण-हातोडा शाबूत आहे, आणखी मुलं घडवीन, असा निरोप बापाने धाडला म्हणतात. राजालाच दया आली म्हणून पोर वाचलं.

शेख मिरांना कुणी फितूर म्हणेल. मी म्हणणार नाही. दोन्ही धनी शिवछत्रपतींच्याच घरचे. मग बेइमानी नेमकी कुणाशी? शाहूंची धमकी मात्र मला अजून टोचते. 1820 मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या जहागीरदारांशी करार केले, त्यांत शेख मिरा वाईकरांचं घराणं होतं.