आधी पाटा, मग पत्रा

१९५३ साली इंग्लंडच्या ‘एसी’ कंपनीने ‘एस’ ही हलकी, देखणी मोटार आणली. जॉन टोजेरोच्या आराखड्यावर बेतलेल्या या गाडीत मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच आडवा पाटा होता. तो स्प्रिंगचं काम करी आणि चाकाला वरून धरणाऱ्या दांडीचंही. २ लिटरच्या इंजिनाला, अरुंद टायरना ते पुरेसं होतं.

१९६२मध्ये अमेरिकेच्या कॅरोल शेल्बीने तिच्यात फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि ‘कोब्रा’ जन्मली. वाढलेली ताकद रस्त्यावर उतरवायला रुंद टायर हवा. पण पाटा वाकला की चाक कलतं. अरुंद टायरला ते खपून जातं. रुंद टायर एका कडेवर उभा राहतो आणि उरलेली रुंदी वाया जाते. १९६४मध्ये सेब्रिंगला जुन्याच चॅसीत ७ लिटरचं इंजिन घातलेली गाडी केन माइल्सच्या हातून सरावात झाडावर आदळली. माइल्स वाचला.

१९६५च्या ७ लिटर कोब्रात पाटा गेला, चारही चाकांना कॉइल स्प्रिंगा आल्या. चॅसीच्या मुख्य नळ्या ३ इंचांच्या ४ इंच झाल्या, मडगार्ड फुगले.

आज ‘कोब्रा’ म्हटलं की ते फुगीर मडगार्डच डोळ्यांपुढे येतात. जुन्या गाडीला रुंद चाकं बसवू पाहणाऱ्यालाही आधी पत्राच दिसतो. कोब्राने मात्र चाक धरायची रीतच बदलली. पत्रा तिच्यामागून आला.