हेअर ट्रान्सप्लांटनंतर टाळूची काळजी : पहिले दहा दिवस जपले तर पुढचं सोपं

नेपानगर : पूर्वी केस गेले की माणूस टोपी घालायचा, विषय संपायचा. आता नेपानगर, बुऱ्हाणपूर, रावेर, मुक्ताईनगर या पट्ट्यातली पोरं लग्नाआधी इंदूर, जळगाव, नाशिक नाहीतर थेट मुंबई-पुण्याला जाऊन हेअर ट्रान्सप्लांट करून येतात. ऑपरेशन एका दिवसात होतं आणि संध्याकाळी डोक्याला पट्टी बांधून माणूस गाडीत बसतो. खरी अडचण घरी आल्यावर सुरू होते. डॉक्टर दोनशे-चारशे किलोमीटर लांब, हातात इंग्रजीत छापलेला एक कागद, आणि घरात प्रत्येकाचा वेगळा सल्ला. आजी म्हणते हळद लाव, मित्र म्हणतो खोबरेल चोळ. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत. तुमच्या डॉक्टरने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं, कारण तुमचं डोकं त्यांनी पाहिलेलं आहे.

डोक्यावर नेमकं काय झालेलं असतं?

डोक्याच्या मागच्या आणि कानावरच्या भागातले केस सहसा जात नाहीत. तिथून मुळासकट केस काढून पुढच्या टकलावर लावतात. एका रोपात, म्हणजे ग्राफ्टमध्ये, एक ते चार केस असतात. एफयूई पद्धतीत एकेक रोप बारीक भोक पाडून काढतात. एफयूटी पद्धतीत मागच्या कातडीची पट्टी कापून टाके घालतात. म्हणजे टाळूवर दोन जखमा असतात, एक काढल्याची आणि एक लावल्याची. सगळे पुढचीच जपतात आणि मागचीला विसरतात. एफयूईची भोकं साधारण आठ-दहा दिवसांत भरतात. एफयूटीचे टाके दहा ते चौदा दिवसांनी काढावे लागतात, त्यासाठी परत जायचं की गावातल्या डॉक्टरकडून काढून घ्यायचे, हे निघण्याआधीच विचारून ठेवा.

लावलेलं रोप पहिले काही दिवस नुसतं छिद्रात बसलेलं असतं, घट्ट धरलेलं नसतं. कांद्याचं रोप लावल्यावर दुसऱ्या दिवशी ओढलं तर हातात येतं, तसंच हे. बर्नस्टाईन आणि रासमन या अमेरिकी डॉक्टरांनी 2006 साली हे तपासून पाहिलं. सहा दिवसांनंतर नुसता केस ओढला तर रोप निघत नव्हतं. पण खपली ओढली तर त्यानंतरही रोप बाहेर येण्याची भीती होती, ती नवव्या दिवसापासून संपली. म्हणून बहुतेक डॉक्टर दहा दिवस जपायला सांगतात. नखाने खपली काढायची सवय ज्याला आहे, त्याने या दहा दिवसांत नखं बारीक कापून ठेवावीत.

पहिली रात्र आणि परतीचा प्रवास

जमत असेल तर ऑपरेशनच्या दिवशीच परत निघू नका. एक मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी पहिली धुलाई क्लिनिकमध्येच करून घ्या आणि मग या. ट्रेनने येत असाल तर वरचा बर्थ नको. चढता-उतरता डोकं आपटलं की रोपं गेली. मधला बर्थही तसाच, खालचाच घ्या. जनरल डब्यात तर अजिबात नको.

पहिल्या चार-पाच रात्री दोन-तीन उशा लावून, डोकं वर ठेवून, पाठीवर झोपायचं. गळ्याभोवतीची प्रवासी उशी मिळाली तर बरं, डोकं कुशीला वळत नाही. वर ठेवायचं कारण सूज. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळावर सूज उतरते, कधी डोळ्यांपर्यंत येते आणि घरचे घाबरतात. ती बहुतेक वेळा चार-पाच दिवसांत आपोआप जाते. बर्फ लावायचा तर कपाळावर, कापडात गुंडाळून. रोपांवर नाही. सुजेसाठी कधी डॉक्टर दोन-तीन दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. त्यांनी साखर वाढते, त्यामुळे डायबिटीस असेल तर आधीच सांगायला हवं.

धुवायचं कसं?

क्लिनिकमधून सलाईनचा स्प्रे देतात. सांगितलेल्या अंतराने तो हलका मारत राहायचा, त्याने खपल्या कडक होत नाहीत आणि खाजही कमी होते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून धुणं सुरू होतं. नळाखाली किंवा शॉवरखाली डोकं धरायचं नाही, धारेचा जोर लागतो. आपल्याकडे बऱ्याच घरी बोअरचं जड पाणी असतं आणि शाम्पूचा फेस होत नाही, मग माणूस जास्त चोळतो. म्हणून पहिला आठवडा उकळून कोमट केलेलं पाणी वापरलेलं बरं. सौम्य शाम्पूचा फेस आधी हातावर करायचा, तो डोक्यावर नुसता ठेवायचा, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि मगाने हळूहळू पाणी ओतायचं. चोळायचं नाही. पुसायचंही नाही, स्वच्छ मऊ कापड नुसतं टेकवायचं. हेअर ड्रायरची गरम हवा नको.

दहाव्या दिवसानंतर बोटाच्या पेराने (नखाने नव्हे) हलकं गोल गोल फिरवत खपल्या सोडवता येतात. चौदाव्या दिवसापर्यंत टाळू साफ व्हायला हवी. इथे उलटी चूकही होते. काही जण भीतीपोटी धुतच नाहीत, खपल्यांचा थर साचतो आणि खाली पू होतो.

हळद, कोरफड, लिंबू, खोबरेल, कांद्याचा रस यातलं काहीही उघड्या जखमेवर नको. हळद वाईट म्हणून नाही, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तेलाचं डॉक्टरला विचारून, महिनाभराने बघा.

ऊन, गमछा, हेल्मेट

आपल्या भागात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. नवी कातडी उन्हाने भाजते, काळे डाग पडतात. निदान महिनाभर थेट ऊन टाळा, घाम येईल असं कामही दोन-तीन आठवडे नको. ऑपरेशन कधी करायचं हे आपल्या हातात असेल तर अखाजीच्या आसपास करूच नये, दिवाळीनंतरची थंडी बरी. आता कुणी म्हणेल लग्नसराई तर मेमध्येच असते. तर मग मागच्या दिवाळीलाच करायला हवं होतं, कारण केस यायला वर्ष लागतं. लग्नाच्या महिनाभर आधी करून घेणारा नवरदेव आहे त्यापेक्षा विरळ डोक्याने बोहल्यावर उभा राहतो, ते का, पुढे येतंच.

गमछा आवळून बांधायचा नाही. डॉक्टरने दिलेली सैल टोपी चालते, ती घालताना-काढताना रोपांना घासू नये. हेल्मेट दोन आठवडे तरी नको, आणि हेल्मेट नाही म्हणजे मोटरसायकलच नाही. बिनहेल्मेटची चालवा असा याचा अर्थ कुणी काढू नये. कागद मिलमध्ये, पॉवरलूमवर किंवा शेतात फवारणीवर काम करणाऱ्यांनी धूळ, कापसाची तूस आणि औषध यांपासून निदान दहा-बारा दिवस लांब राहावं, म्हणजे तेवढी रजा आधीच मांडून ठेवावी. तापीत पोहणं महिनाभर बंद. होळीचा रंग, विसर्जनाचा गुलालही तसाच.

बिडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा यांच्यावर इथे सगळ्यात कमी ऐकलं जातं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या रोपाला रक्त कमी मिळतं. आधी दोन आठवडे आणि नंतर दोन आठवडे तरी सोडावंच लागतं. दारू पहिला आठवडा नको. अंगदुखीची गोळी मेडिकलवरून मनाने घेऊ नका, ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्त वाहतं.

केस गळाले! पैसे वाया गेले का?

नाही. दोन ते सहा आठवड्यांत लावलेल्या केसांपैकी बरेचसे गळतात. गळतो तो वरचा केस, मूळ आत राहतं आणि विश्रांती घेतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक कोंब दिसतात, सहाव्या महिन्यात बराच फरक पडतो, पूर्ण निकाल वर्षभराने. मधल्या काळात छोट्या पुटकुळ्या येतात, त्या फोडू नयेत. टाळू काही आठवडे बधिर वाटते, तेही हळूहळू जातं. पहिल्या आठवड्यात मात्र रक्तासकट रोप बाहेर आलं तर ते गेलंच. स्वच्छ गॉजने पाच-दहा मिनिटं दाबून धरा आणि डॉक्टरला फोन करा, परत बसवत बसू नका.

एक प्रश्न आपल्याकडेच येतो. या काळात घरात कुणी गेलं आणि मुंडण करायचं झालं तर? पहिल्या महिन्यात लावलेल्या जागेवर वस्तरा फिरवणं धोक्याचंच, बहुतेक डॉक्टर तीन महिने तरी थांबायला सांगतात. वडीलधाऱ्यांशी आणि गुरुजींशी बोलून भावाने मुंडण करावं किंवा नुसती दाढी-मिशी काढावी, असं घरात ठरवता येतं. अवघड आहे, पण बोलून बघायला हवं.

केव्हा थांबायचं नाही?

दुखणं कमी होण्याऐवजी वाढत चाललं, पू आला, ताप भरला, कातडी काळी पडली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अंगावर पित्त उठलं, ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, तर क्लिनिकच्या फोनची वाट न बघता 108 लावा. हा नंबर मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे चालतो. मार्च 2019 मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाला एकाच बैठकीत नऊ हजारांहून जास्त रोपं लावली गेली आणि दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. तीव्र ॲलर्जीचा संशय डॉक्टरांनी व्यक्त केला होता. स्वस्तात जास्त रोपं, एकाच दिवसात, अशी जाहिरात दिसली तर हे आठवावं.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये या ऑपरेशनबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. यूट्यूब किंवा कार्यशाळा पाहून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असं त्यात स्पष्ट आहे. डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक बिलावर मागून घ्या. कागद, फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. क्लिनिक महाराष्ट्रात आणि तुम्ही मध्य प्रदेशात असाल तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी मुंबईच्या चकरा माराव्या लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे.