धवळ्याची कुळकथा

ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याच्या आसपासच्या आगरी-कुणबी गावांत हळदीला अजून कुठे कुठे लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण बसते. हातात पोथी नाही. चुन्याचा चौक, तेल, हळद, मुंडावळ्या. जो विधी चालू असेल त्याचं गाणं म्हणजे धवला. वारल्यांची धवलेरी तर गाण्यानेच लग्न लावते.

या गाण्याचं कूळ मोठं आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने ‘छंदोनुशासना’त धवल नोंदवला. धवल म्हणजे जू पेलणारा पांढरा उमदा बैल, आणि त्याच्या मिषाने थोर पुरुषाची स्तुती. पुढच्या शतकात देवगिरीला शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त त्याचे चरण मोजले: चारांचा कीर्ती, सहांचा विजय, आठांचा विक्रम. गुजरातीत त्याचंच धोळ झालं. मराठीत 1287च्या सुमारास रिद्धपूरला महानुभावांच्या गोविंदप्रभूंच्या लग्नाची लीळा झाली, तेव्हा त्याच पंथातल्या महदाइसेने रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायले. मराठीची आद्य कवयित्री लग्नाच्या गाण्यातून आली, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो आणि विसरतो.

शास्त्रकारांनी चरण मोजले खरे, पण मांडवात ते कोण मोजणार? हळद लागायला वेळ लागला की धवलाही लांबतो. ओळीतल्या अक्षरांचं माप मात्र सांभाळलं जातं. ‘मांडवी आली हळद’ ही मीच रचलेली ओळ घ्या. अक्षरं आठ. हळदीच्या जागी ‘नवरी’ घाला, आठच राहतात. ‘मांडवी आलं तेल’ म्हटलं की एक कमी पडतं. मग शेवटी ‘गो’ येतो आणि माप भरतं. ऱ्हस्व-दीर्घाची पंचाईत नाही, कारण गाताना अक्षर हवं तितकं ओढता येतं. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त अक्षरछंदाचं हेच मर्म सांगितलं: त्यात लघु-गुरूचा भेद उरत नाही.

यमक इथे दुय्यम. तेच क्रियापद, तीच ओळ परत आली की कान तृप्त होतो. मुद्दाम जुळवलेल्या यमकाची वाट कोणी पाहत नाही. मुख्य धवलारीण ओळ उचलते, सोबतिणी तीच धरतात, तेवढ्यात तिला पुढची ओळ आठवायला उसंत मिळते. वाचणाऱ्याला ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते, आणि छापताना संपादक नेमकी तीच गाळतात. माझ्या मते ही घोडचूक आहे. न लिहिलेलं गाणं टिकलं ते याच जोरावर.

तेव्हा घरच्या हळदीला धवले फोनवर रेकॉर्ड करून घेणार असाल, तर डीजे तेवढा वेळ थांबवा आणि परत परत येणाऱ्या ओळींसकट सगळं घ्या.